मार्नीबद्दल एक पान

आधीच सांगून टाकते, मार्नी ओस्टबी वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं! सहा आठवडे तिच्या खोलीत राहून मी तिच्यात खोट शोधत होते, आणि सापडलं काय, तर ओला टॉवेल पलंगावर टाकते आणि टूथपेस्टला झाकण लावत नाही.

अठ्ठ्याण्णव सालचा उन्हाळा. मी सतरा वर्षांची, नॉर्थ डकोटातल्या एका गावची. गावात धान्याचं कोठार, चर्च आणि पोस्ट, संपलं गाव. शेजारच्या मिनेसोटातलं एक विद्यापीठ दर उन्हाळ्यात हायस्कूलच्या चोवीस मुलांना सहा आठवडे बोलावून घ्यायचं. हॉस्टेलवर राहायचं, कॅन्टीनमध्ये जेवायचं आणि सकाळी गवताळ रानात जाऊन झाडं मोजायची. हो, मोजायची! मीटरभर लांब, मीटरभर रुंद अशी प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट गवतात टाकायची, गुडघ्यांवर बसायचं आणि त्या चौकटीतलं एकेक रोपटं नावानिशी वहीत लिहायचं. पँट मोज्यांत खोचलेली, मानेवर डास, आणि संध्याकाळी एकमेकींच्या केसांत गोचीड शोधत बसायचं. एवढ्यासाठी दोनशे मुलं अर्ज करायची, कारण शेवटी चोवीसांतल्या एकाला, फक्त एकाला, त्याच विद्यापीठात चार वर्षं फुकट शिकायला मिळायचं.

ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे काय, माझ्यापुढे दुसरं काही नव्हतंच. शाळा संपली की मामाच्या कोठारावर ट्रक वजन करायच्या खिडकीत बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. मामानं मला खुर्चीसुद्धा दाखवून ठेवली होती. आणि आईनं तिकडे चर्चमध्ये सांगून टाकलेलं की आमची कोरीन विद्यापीठात चालली. फक्त सहा आठवड्यांसाठी, हे सांगायचं ती सोयीस्करपणे विसरली. तिनं तसं का केलं ते मला कळत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

मार्नी मिनिआपोलिसच्या बाहेरच्या वस्तीतली, दातांच्या डॉक्टरची मुलगी. पहिल्याच दिवशी खोलीत शिरली ती हातात उशी आणि काखेत बिस्किटांचा डबा घेऊन.

"खिडकीजवळचा पलंग तुला हवाय का गं? मला कुठंही झोप लागते."

"नको, तूच घे," मी म्हटलं. खरं तर मला हवा होता. पण तिनं दिलेला नको होता.

"बघ हं, मग नंतर भांडायचं नाही!" ती हसली आणि पसरली पलंगावर. "तू त्या जागेसाठी आलीस का? माझे बाबा म्हणतात, मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसरीकडे कुठंतरी जाऊच की."

मिळाली तर मिळाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्याला भूक लागलेली असावी आणि समोरच्यानं 'मला काही खास भूक नाही' म्हणत त्याच्याच ताटात हात घालावा, तसं झालं मला. मी तिचं एक बिस्कीट घेतलं, थँक्यू म्हटलं, आणि त्या दिवसापासून तिच्यावर डोळा ठेवला.

आमच्या बाई होत्या डॉ. पॅजेट. साठीच्या, काटक, डोक्यावर गवताची टोपी. बोलायच्या कमी. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला एक हिरवी वही दिली आणि दम भरला. "या वहीत तुमची मतं नकोत. जे पाहिलं तेवढंच. 'खूप फुलं' असं लिहायचं नाही, सत्तावीस लिहा. 'सकाळी' नाही, सहा वाजून दहा मिनिटं. तारीख नाही, वेळ नाही, तर ते घडलंच नाही असं मी समजेन. चुकलं तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही."

हे काम माझ्यासारखीसाठीच होतं. मी जन्मजात चिकित्सक, आई म्हणायची चोंबडी. दुसऱ्या आठवड्यात डॉ. पॅजेटनी माझी वही वर्गात उंच धरली. "वही अशी दिसते," एवढंच बोलल्या. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये बटाट्याच्या गोळ्यांचं, ओव्हनमध्ये भाजलेलं ते कोरडं हॉटडिश दोनदा वाढून घेतलं. वाटलं, झालं, जागा खिशात.

पण कौतुक वहीचं झालं आणि माणसं मात्र मार्नीभोवती! जेवायला बसलं की तिच्या टेबलाला खुर्च्या पुरायच्या नाहीत. बसमध्ये तिच्या शेजारच्या जागेसाठी मारामाऱ्या. कुणाला घरची आठवण आली, मार्नी. कुणाला गोचीड चावली, मार्नी. आणि डॉ. पॅजेट, ज्या मला कामापुरतं बोलायच्या, त्या एकदा रानात मार्नीच्या चौकटीपाशी उकिडव्या बसून चक्क हसत होत्या. काय विनोद झाला देव जाणे. त्या दिवशी मी एकशे बेचाळीस रोपटी मोजली आणि त्यातल्या एकाचंही नाव मला रात्री आठवेना.

मला खात्रीच पटली की ही गोगलगाय आणि पोटात पाय. कुणी उगाच इतकं गोड वागतं का? काहीतरी डाव असणारच. मग मी काय केलं? बाईंनी शिकवलं होतं तेच केलं. हिरवी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून मार्नीची नोंद ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, काय केलं. कधी ना कधी उपयोगी पडेल म्हणून. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा अजिबात वाटली नाही. उलट मजा यायची.

नऊ जुलैला तर तिनं कहरच केला. मार्नी, ट्रूडी आणि मी धरून आमचा सहा जणांचा गट, प्रत्येकाचे आकडे एकत्र करून मोठा तक्ता करायचा होता. तक्ता पूर्ण होऊन भिंतीवर लागला होता, सगळे टाळ्या वाजवून निघालेच होते, तेवढ्यात मार्नी उभी राहिली.

"एक मिनिट. माझं चुकलंय," ती म्हणाली. "चार दिवस मी दोन वेगळी रोपटी एकच समजत होते. आत्ता ट्रूडीला समजावताना माझ्याच लक्षात आलं."

आणि सगळ्यांच्या देखत तिनं वही उघडून चार पानांवर चार रेघा मारल्या, सर्र, सर्र, सर्र, सर्र. शेजारी सही.

"अगं बाई, कुणी विचारलं होतं तुला?" बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना."

"तुला कळलं म्हणून आम्ही सहा जणांनी परत मरायचं का उन्हात?"

"सॉरी गं, कोरीन. खरंच सॉरी. मी तुझ्या वाटणीच्या दोन चौकटी करते, चालेल?"

"काही नको," मी म्हटलं. दोन दिवस आम्ही पंच्याण्णव डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात परत गुडघ्यांवर बसलो. माझी मान भाजून निघाली. गटातले बाकीचे पहिल्या तासाला चिडले आणि दुसऱ्या तासाला तिच्याशी गाणी म्हणत मोजायला लागले. मी एकटीच चिडलेली राहिले. हेही मी लिहून ठेवलं, म्हणजे फक्त तिचं, माझं नाही.

पाचव्या आठवड्यात डॉ. पॅजेटनी एकेक कोरा कागद आणि पाकीट वाटलं. ही त्यांची जुनी पद्धत होती. जागा कुणाला द्यायची हे ठरवताना त्या वह्या बघायच्या, मार्क बघायचे, आणि प्रत्येकाच्या खोलीतल्या सोबत्यानं त्याच्याबद्दल लिहिलेलं एक पान वाचायच्या. निरोपाच्या न्याहारीला त्या विजेत्याचं नाव पुकारायच्याच नाहीत. ज्यानं त्याच्याबद्दल लिहिलं त्याला पुढे बोलवायच्या आणि ते पान सगळ्यांसमोर वाचायला लावायच्या. ज्याच्याबद्दल वाचलं गेलं, त्याला जागा. आम्हा मुलांना हे हॉस्टेलच्या ताईंकडून पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मार्नीनं तिचं पान पलंगावर पालथं पडून दहा मिनिटांत लिहिलं, पाकीट चाटून बंद केलं आणि पोहायला गेली. मी रविवारी दुपारी तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसले. यंत्रं घुं घुं करत होती, कुणी येणार नव्हतं. उघड वाईट लिहिलं तर बाई मलाच झापतील, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाणपणा केला. माझं मत कुठंही लिहायचं नाही, फक्त पाहिलेलं! मागच्या पानांवरून निवडून निवडून घेतलं. ही उशिरा येते, हिचं काम अर्धवट राहतं, ही चुका करते आणि गटाला भोगायला लावते, हिला शिकवलेलं पटकन कळत नाही. सगळं खरं, सगळं तारीखवार. नाव ठेवायला जागाच नाही. शेवटी मात्र मला राहवलं नाही आणि मी एक ओळ टाकलीच. पाकीट बंद केलं तेव्हा मला असं हलकं वाटलं की विचारू नका.

निरोपाची न्याहारी शनिवारी होती. आईबाप आले होते. माझी आई चार तास गाडी चालवून आली होती, लग्नाला घालायचा निळा ड्रेस घालून. मार्नीचे आईवडील आमच्याच टेबलाला. त्यांनी आईला सिरपची बाटली दिली, आईनं त्यांना पोरी किती मोठ्या झाल्या वगैरे ऐकवलं. मी पॅनकेकचे बारीक बारीक तुकडे करत राहिले. मी मनात एकच घोकत होते, मार्नीचं नाव पुकारू दे. मार्नी वर गेली की वाचणार माझ्याबद्दल.

डॉ. पॅजेट माइकपाशी आल्या. टोपीशिवाय त्या कुणीतरी वेगळ्याच दिसत होत्या.

"कोरीन हेल्ड," त्या म्हणाल्या. "वर ये."

आणि आई? आई ताडकन उठली! तिला पद्धत कुठं माहीत होती? तिनं दोन्ही हात तोंडावर धरले, मग टाळ्या वाजवायला लागली, मग मार्नीच्या आईचा दंड धरून हलवायला लागली. "माझी मुलगी! माझी मुलगी आहे ती!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाकीची मुलं एकदम शांत झाली, कारण त्यांना पद्धत माहीत होती. मला तिच्याकडे बघवेना. मी माइकपर्यंत कशी गेले ते आजही सांगता यायचं नाही.

डॉ. पॅजेटनी माझंच पान माझ्या हातात दिलं. "वाच," त्या म्हणाल्या, "सावकाश वाच."

मी वाचलं.

"मार्नी ओस्टबीबद्दल." इथंच आईच्या टाळ्या थांबल्या. "चोवीस जून, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मार्नी खोलीत नाही. कॅन्टीनच्या मागच्या दारात भांडी घासणाऱ्या मिसेस वार्नकींबरोबर बसली होती. त्यांच्या मुलाचं पत्र आलं नव्हतं, त्या बोलत होत्या. मार्नी चमचे पुसत होती. बसला चौदा मिनिटं उशीर."

कुणीतरी 'अरे वा' म्हणालं. मी वर पाहिलं. लोक हसत होते, पण तसलं हसू नाही, मऊ हसू. मिसेस वार्नकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"दोन जुलै, अकरा वाजता. स्वतःची चौकट अर्धी टाकून ट्रूडीच्या चौकटीकडे गेली. ट्रूडीला लव्हाळा आणि गवत यांतला फरक कळत नव्हता. चाळीस मिनिटं. मार्नीची चौकट त्या दिवशी पुरी झाली नाही."

"बरोब्बर!" ट्रूडी मागून ओरडली, आणि सगळे हसले.

"नऊ जुलै. चार दिवसांचे आपले आकडे चुकल्याचं तिच्या लक्षात आलं. कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं आणि चार पानांवर रेघा मारल्या. तिच्यामुळे आम्हा सहा जणांना दोन दिवस पुन्हा मोजावं लागलं."

माझ्याच तोंडून माझेच शब्द निघत होते आणि मला ते नव्यानं ऐकू येत होते. विष म्हणून वाटलेलं औषध निघालं, हो! एकेक ओळ वाचत होते आणि एकेक ओळीनं ती जागा माझ्या हातानं मार्नीच्या पदरात टाकत होते. सोळा जुलैला ती व्याख्यानात तीनदा 'मला कळलं नाही' म्हणाली होती. मी ते ती मंद आहे म्हणून लिहिलं होतं. तेवढ्यात एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "सगळ्यांनाच कळलं नव्हतं, विचारलं फक्त तिनं." मलाही कळलं नव्हतं. मी गप्प बसले होते.

मग आली शेवटची ओळ. 'मार्नी ढोंगी आहे आणि हे सगळं लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून करते.' त्या ओळीवर लाल शाईची एक आडवी रेघ होती. शेजारी डॉ. पॅजेटची सही, आणि बारीक अक्षरात, 'हे कधी पाहिलंस? तारीख?'

मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, रागानं नाही आणि प्रेमानंही नाही. एखादं रोपटं ओळखल्यावर बघायच्या तशा.

"संपलं," मी माइकमध्ये म्हटलं.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. मार्नी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं नाक वाहत होतं, माझा खांदा भिजला.

"तू हे सगळं तारखेसकट लिहून ठेवलं होतंस?" ती हुंदके देत म्हणाली. "कोरीन, माझ्याकडे इतकं लक्ष कुणीच दिलं नाही गं. आईनंसुद्धा नाही!"

तिच्या वडिलांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. माझी आई टेबलापाशी बसून राहिली होती. निळ्या ड्रेसवर सिरप सांडलं होतं आणि ती ते रुमालानं पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती.

सामान गाडीत टाकायला मार्नी खाली आली. माझी बॅग तिनंच उचलली, नको म्हटलं तरी.

"मी पण तुझ्याबद्दल चांगलंच लिहिलं हं," ती म्हणाली. "तू असं समजू नकोस."

"काय लिहिलंस?" मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"की तू छान आहेस. हुशार आहेस. खोली नीट ठेवतेस." ती थांबली. अंगठ्यानं बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करायला लागली. "मी खूप आठवून बघितलं, खरंच. तू काय केलंस, काय म्हणालीस. बाईंना तारीख-वेळ लागते ना. पण मला एकसुद्धा गोष्ट आठवेना गं. अर्धं पान कोरंच राहिलं. माझंच चुकलं, मीच नीट बघितलं नसणार. रागावलीस?"

मी नाही म्हटलं. आणि खरंच नव्हते रागावले, पहिल्यांदाच. सहा आठवडे मी तिच्यावर जळले. तिचं उठणं, बसणं, हसणं, सगळं मला तोंडपाठ. आणि माझ्याबद्दल लिहायला तिला एक दिवस, एक वेळ सापडली नाही, कारण मी कुणासाठी काही केलंच नव्हतं. मी फक्त बघत बसले होते. जागा गेली त्याचं दुःख त्यापुढे मला लहान वाटायला लागलं, म्हणजे त्या दहा मिनिटांपुरतं. नंतर ते पुष्कळ मोठं झालं.

मार्नी हात हलवत राहिली. आईनं गाडी काढली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "पत्र फार सुंदर लिहिलंस हं, पोरी. सगळे रडत होते. तिनं काय लिहिलं होतं गं तुझ्याबद्दल?"

"लिहिलं होतं की मी छान आहे."

"मग खरंच आहे ते!" आई म्हणाली. "छानच आहेस तू."

मी तोंड खिडकीकडे केलं. आईला वाटलं जागा गेली म्हणून रडतेय, आणि ती सबंध रस्ता मला समजावत राहिली की मामाची खिडकी तशी काही वाईट नाही, उन्हाळ्यात वारं छान येतं.